चेहऱ्याचं माप

१

लग्न होऊन या घरात आले आणि आधी ओळख झाली ती पाठींशी. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर सासऱ्यांची पाठ होती, तिच्या शेजारी माझ्या नवऱ्याची, आणि दारावर खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची. ती जरा ऐसपैस असल्यामुळे आडव्या चौकटीत बसवलेली.

"ओळखलंस का हा कोण?" सासूबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे बोट दाखवून विचारलं. लग्नाला चार दिवस झाले होते. मी ओळखलं नव्हतं, पण मान हलवली. मान हलवण्यात एक सोय असते, नेमकी कशाला हलवली ते कोणी विचारत नाही.

सासूबाईंना मी आई म्हणते. आईंनी पस्तीस वर्षं याच खोलीत शिवणकाम केलं. झगे, कोट, शर्ट, पडदे. एके दिवशी गुडघ्याने मशीनचं पायडल मारायचं नाकारलं आणि दारावरची पाटी उतरली. पुढच्याच आठवड्यात, खिडक्यांना लावून उरलेल्या हिरव्या रंगात, आईंनी मशीनचं चित्र काढलं. का काढलं, असं मी एकदा विचारलं.

"रंग वाळून चालला होता," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, भांडी विसळता विसळता, "पस्तीस वर्षं सुईच्या टोकाकडे बघत होते गं. मान वर केली तर केवढं काय काय दिसायला लागलं."

शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून येत होतं त्यावरच भागवलं. कॅनव्हासऐवजी कॉलरमध्ये घालायचं बकरम, त्यावर भिंतीचा पांढरा रंग. माणूस काढायचा तर आधी टेपने त्याचं माप घ्यायचं, वहीत लिहायचं, चारने भागायचं, कागद कापून साचा करायचा, तो बकरमवर टाचण्यांनी लावायचा आणि कडेने खडू फिरवायचा. मग रंग. मोठे चित्रकार म्हणे हातात पेन्सिल धरून एक डोळा मिटतात. आमच्या आई गळ्यात टेप घालून म्हणतात, "हात वर कर." कपड्यांच्या चुण्या मात्र अशा उतरतात, की बघणाऱ्याला इस्त्री आणावीशी वाटते.

चेहरा तेवढा येत नव्हता. "चेहऱ्याचं माप कोण घेतं?" आई म्हणायच्या. पस्तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने नाक शिवायला टाकलं नव्हतं.

२

मी कमी बोलते. माहेरी याला शहाणपण म्हणायचे, सासरी शांतपणा म्हणतात. चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते, तिथे माझं सगळं बोलणं दोन वाक्यांत आटोपतं: "वरून तिसरी ओळ वाचा" आणि "आता बरं दिसतंय की मघाशी?" माझी पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. ती लक्षात ठेवायचा प्रयत्न घरात सगळ्यांनी आठवडाभर केला आणि सोडून दिला. तेव्हापासून मी घरात आहे असंच धरून चालतात.

"मघाशी हाक मारली तर ओ दिली नाहीस," सासरे म्हणायचे.

"बाबा, मी आत्ता येतेय दुकानातून."

"असू दे, असू दे. मी काही मनात ठेवत नाही."

न केलेल्या गोष्टींची अशी बरीच माफी मला दोन महिन्यांत मिळाली. चहा हवा का याचं उत्तर न देणं, बोलावल्यावर न वळणं, वाटेत खांबासारखं उभं राहणं. नव्या सुनेवर काय काय येतं ते मावशीने आधीच सांगून ठेवलं होतं. हे त्यातलं स्वस्तात सुटलेलं, असं मी समजत होते.

मग आईंनी माझं पहिलं चित्र काढलं. सुट्टीचा दिवस होता. मी खुर्चीत बसून जुन्या डब्यातली बटणं निवडत होते, बाबा टेबलाशी शब्दकोडं सोडवत होते आणि आई आमच्या मागे, अकरा ते एकच्या उन्हात, रंगवत होत्या. त्या दोन तासांत त्या कोणाच्या नसतात. कुकरच्या शिट्ट्या होतात, दारावरची बेल वाजते, बाबा सात अक्षरी शब्द विचारतात, आई ब्रश दातांत धरून फक्त "हं" म्हणतात.

चित्र वाळल्यावर मी पाहिलं. माझी पाठ चांगली निघाली होती. बाबांची तर फारच. शब्द अडला आहे हे मानेवरून कळत होतं. आणि डाव्या कोपऱ्यात, गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघावेत म्हणून लावलेला पडदा अजून तिथे आहे, त्या पडद्यापाशी आणखी एक पाठ होती.

"आई, ही कोण?"

"तूच की."

"मी तर खुर्चीत आहे."

"आधी खुर्चीत होतीस. मग उठून पडद्यापाशी गेलीस. जिथे जिथे दिसलीस तिथे तिथे काढलं."

"मी उठलेच नाही."

"उठली होतीस," बाबा कोड्यातून वर न बघता म्हणाले. "मी म्हटलंसुद्धा, बाई गं, उठलीच आहेस तर पाणी आण. नाही आणलंस. पण ते असो."

मी काहीतरी पुटपुटले असेन, कारण आई एकदम काळजीत पडल्या. "का गं? एका चित्रात माणूस एकदाच काढायचा असा नियम असतो का?"

ते मला ठाऊक नव्हतं. त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

३

मी काही घाबरट नाही. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत उजेड टाकून बघते. माणसाला काय काय दिसतं आणि का दिसतं याचा मला थोडा अंदाज आहे. मी असा विचार केला की आईंचा स्वभाव काटकसरी, कोपरा रिकामा वाटला, हाताशी माझा साचा होता, तोच पुन्हा लावला. बाबांनी डुलकी काढली आणि स्वप्नातल्या सुनेकडे पाणी मागितलं.

माणसांचे साचे मशीनच्या वर खिळ्यांना टांगलेले असतात, एकेका माणसाचा एकेक खिळा. माझ्या खिळ्याला दोन साचे होते. एकावर एक ठेवून उन्हाकडे धरले. खांदे सारखे, कंबर सारखी, हात मात्र दुसऱ्याचा दीड इंच लांब. चारने गुणलं तर सहा इंच.

वही काढली. 'सून' असं वर लिहिलेलं पान. बाही बावीस. खाली आठवड्याने घातलेली दुसरी तारीख. बाही अठ्ठावीस.

"घाईत घेतलं असेल," आई म्हणाल्या. "तू पडद्यापाशी उभी होतीस, म्हटलं घेऊन टाकू. काही बोललीही नाहीस."

"तोंड बघितलंत का माझं?"

"तोंड कशाला बघायचंय? मी माप मागूनच घेते. समोरून घेतलं की बायका पोट आत ओढतात आणि कपडा आला की मला शिव्या घालतात."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो दाढी करत होता. तो कमालीचा समजूतदार माणूस आहे. कशाचंही कारण त्याच्याकडे तयार असतं. "टेप जुनी आहे," तो आरशातून म्हणाला. "ताणली गेली असणार."

"ताणलेली टेप माप कमी दाखवते. जास्त नाही."

ब्रशभर फेस हातात धरून त्याने यावर विचार केला. "मग आखडली असणार."

दुपारी घरात कोणी नसताना मी पडदा बाजूला केला. कड्या दांडीवरून खणखणत गेल्या. मागे एक स्टूल, भिंतीकडे तोंड केलेला आरसा, आणि फटीत अडकलेल्या चार टाचण्या. बस, एवढंच. पडदा परत ओढताना लक्षात आलं, की तो एका जागी हाताळून मळला आहे. पडदे मळतातच. फक्त मी हात सरळ सोडून उभी राहिले, तर बोटं जिथे येत होती त्याच्या चांगलं वीतभर खाली.

४

एक कारण उरलं होतं आणि ते माझ्या हातातलं होतं. आईंना दुहेरी दिसत असेल. मी त्यांना दुकानात नेलं.

तपासणीच्या खुर्चीत बसून आईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. "त्याच्या खाली छापखान्याचं नाव आहे," त्या म्हणाल्या, "तेही वाचू का?"

"नको. हे बघा, किती बोटं?"

"एक. नख वाढलंय."

मालकही मध्ये डोकावून गेले आणि म्हणाले, या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत. आई इतक्या खुलल्या, की घरी येईपर्यंत रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मला वाचून दाखवत आल्या.

बाबांनी दार उघडलं. आमच्याकडे बघितलं, एकदा आईंकडे, एकदा माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा कोडं अडल्यासारखा झाला.

"दोघी गेला होतात?"

"हो मग. सांगून नाही का गेले?"

"मग मी दुसरा कप कोणाला दिला?"

स्टुलावर चहाचा कप होता. भरलेला, गार, वर साय धरलेला. "ती पडद्याकडे तोंड करून उभी होती," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, घे. घेतला नाही, म्हणून ठेवला तिथे. मला वाटलं, तुमच्या दोघींचं काही वाजलंय."

मग आई हसायला लागल्या. "हिने माझे डोळे तपासले! अगं, तपासायला यांना न्यायला हवं होतं!" बाबाही हसले. रात्री नवऱ्याला सांगताना पुन्हा हसले, त्यात एक ताट पडलं, आणि पडद्याशी चहा धरून उभे असलेले बाबा हा त्या घरातला कायमचा विनोद झाला. मीही हसले. हसताना मी वहीकडे बघत होते. मला सुट्टी नव्हती अशा एका दिवशी नवीन माप घातलेलं होतं. बाही सव्वीस.

५

चौकटी करून देणारा माणूस महिन्यातून एकदा येतो. दिसायला चौकटीसारखाच, चारही बाजूंनी सरळ. वाचनालयाच्या हॉलमध्ये हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्याच्या चौकटी तिथे लागणार होत्या, म्हणून त्याने आईंचं नाव सुचवलं होतं.

"पण काकू," तो भिंतीवरच्या पाठी मोजत म्हणाला, "एक तरी चेहरा पाहिजे. लोक येणार, समोर उभे राहणार, आणि चित्रं सगळी त्यांच्याकडे पाठ करून. अपमान वाटतो हो माणसाला."

"मला येत नाही चेहरा."

"डॉक्टरांची पाठ येते आणि चेहरा येत नाही? चेहरा किती लहान असतो त्यापेक्षा!"

तो गेल्यावर आईंनी टेप काढली आणि बाबांना पकडलं. कपाळ, नाक, कान ते कान. "नाक सव्वादोन," आई म्हणाल्या. "दोन," बाबा म्हणाले. "लग्नाच्या वेळी दोन होतं." नाकाचा साचा कापला, तो टाचणी टोचताना उडून गेला, आम्ही तिघं जमिनीवर बसून बाबांचं नाक शोधत होतो. आठ दिवस आईंनी चेहरा रंगवला. शेवटी जो निघाला तो बाबांचा नव्हता, कोणाचाच नव्हता. घाईत सोललेल्या बटाट्याला मिशी लावल्यासारखा होता. बाबा म्हणाले, "कान जमलेत." आईंनी बकरम धुऊन टाकलं.

त्या दुपारी मी आत पाणी प्यायला गेले तर आई ओट्याला टेकून उभ्या होत्या. रडत नव्हत्या, पण टेप बोटांभोवती गुंडाळत होत्या, परत सोडवत होत्या.

"चित्रात सगळे मला सोडून निघाल्यासारखे दिसतात गं," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मी माणसांच्या मागे उभी राहिले. एकदा कोणीतरी माझ्याकडे बघतंय असं काढायचंय. एकच. मग नाही काढलं काही तरी चालेल."

मी मान हलवली. मग ते पुरेसं वाटेना, म्हणून म्हटलं, "माझा काढा. सुट्टीच्या दिवशी मी बसते."

"तू बसशील?" त्यांचा चेहरा असा उजळला, की तोच काढायला हवा होता.

मनात मी वेगळाच हिशोब मांडत होते. गेल्या तीन चित्रांत पडद्याजवळची ती होती. एकात मान थोडी वळलेली, गालाची कड दिसेल इतपत. "एका बाजूचा गाल शिकतेय," आई म्हणाल्या होत्या, "बरा आलाय ना तुझा?" वहीत बाही चोवीस झाली होती, मग साडेबावीस. "बारीक होत चाललीस, पण आता माप कसं अंगाला बसतंय," हेही त्याच म्हणाल्या होत्या. उद्या त्यांना चेहरा यायला लागला, तर तो कोणाचा येईल? त्या चौकटीखाली 'आमची सून' लिहितील, बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतील, नवरा म्हणेल हुबेहूब. आणि माझा चेहरा वेगळा आहे, हे सांगायला या घरात माझ्याकडे इतक्या महिन्यांच्या मानडोलीखेरीज काय होतं?

६

सुट्टीच्या दिवशी अकराला मी खुर्चीत बसले. या खेपेला खुर्ची आईंकडे तोंड करून होती, म्हणजे पडदा माझ्या मागे. मी खुर्ची सरकवायला बघितली तर आई म्हणाल्या, "ऊन जाईल."

"माप घ्या ना," मी म्हटलं.

"काल बाराला घेतलंय की."

काल मी दोन वाजेपर्यंत दुकानात होते. मालकांच्या मेव्हण्याला सहा काचा लावून दाखवत होते आणि त्याला सहाही सारख्याच दिसत होत्या.

"स्टुलावर बसली होतीस," आई खडू तासत म्हणाल्या. "मागूनच घेतलं, सवयीने. कपाळ, हनुवटी, कान. हाताने चाचपून. केवढी गार पडली होतीस! पंखा कमी ठेवत जा."

"आई, ते पान खोडा. परत घ्या. समोरून घ्या."

त्यांनी जरा नवलाने बघितलं, कारण मी सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. टेप कपाळाला लागली. नाकावरून हनुवटीवर आली. आईंनी एकेक आकडा म्हणून दाखवला, वहीत बघितला आणि हसल्या. "बघ. सुताएवढासुद्धा फरक नाही. उगीच त्रास."

मग रंगवायला लागल्या. पाच मिनिटं शांतता होती. ब्रश घासल्याचा आवाज, खालच्या मजल्यावर डॉक्टरांच्या यंत्राची घरघर. आई माझ्याकडे बघायच्या, बकरमवर बघायच्या. आणि मध्येच त्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे जायचे, तिथे क्षणभर थांबायचे, परत माझ्यावर यायचे. पुन्हा मागे. पुन्हा माझ्यावर. ही नजर मला ओळखीची होती. डोळ्यांसमोर दोन काचा आलटून पालटून धरल्या की लोक असंच बघतात. आता बरं दिसतंय, की मघाशी?

मागे पडद्याची एक कडी वाजली. एकच.

मी वळले नाही. वळले असते तर आईंपुढे माझी पाठ आली असती.

मी तोंड उघडलं. "आई, शाळेच्या नाटकात मला झाड केलं होतं," मी म्हटलं. "कारण मी बोलत नव्हते. पण बाईंना दया आली आणि त्यांनी झाडाला एक वाक्य दिलं. 'मी सगळं पाहिलं आहे.' एवढंच. माझी वेळ आली, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी घाबरून निघून गेले. झाड निघून गेलं, आई! ज्याच्या आधाराने राजा उभा होता!"

आईंचा ब्रश थांबला. त्या फक्त माझ्याकडे बघत होत्या.

मग मी थांबलेच नाही. तक्ता पाठ करून येणारा ड्रायव्हर सांगितला. तुमच्या मुलाने मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाजूने बस गेली, मला काही ऐकू आलं नाही, मी मान हलवली, आणि घरी जाऊन बहिणीला विचारलं, की त्याने काय विचारलं असेल, हे सांगितलं. बाबांचा चहा मला अजिबात आवडत नाही, मी तो कुंडीत ओतते आणि त्या कुंडीतलं रोप मेलं, हेही सांगून टाकलं. आई हसत होत्या, डोळे पुसत होत्या, गालाला रंग लागत होता, आणि हात चालला होता. "हलू नकोस, हलू नकोस, हां, बोल, बोल." एक वाजला, ऊन सरकलं. घसा कोरडा पडला तरी मी बोलत होते. मागे अगदी शांत होतं. कोणीतरी लक्ष देऊन ऐकत असावं, इतकं.

आईंनी बकरम माझ्याकडे फिरवलं.

मी होते. एक डोळा जरा मोठा, नाक सव्वा इंच डावीकडे निघालेलं, तोंड उघडं, कोणाला तरी काहीतरी सांगायच्या भरात. पण मी होते. आणि बघत होते सरळ समोर, आईंकडे.

"आलं गं," आई म्हणाल्या. टेप गळ्यातून काढून त्यांनी मशीनवर ठेवली. मी कितीतरी वेळ त्यांचा रंगाचा हात धरून बसले होते. पडद्यामागे बघायचं राहूनच गेलं.

७

प्रदर्शनात चित्राला दाराजवळची जागा मिळाली. चौकटवाला शेजारी उभा राहून सांगत होता, "आवाज येतो की नाही? कान लावून बघा." डॉक्टरांना आपली पाठ आतल्या भिंतीवर लावली याचं वाईट वाटलं, पण त्यांनी ते मोठ्या मनाने घेतलं. आई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत होत्या, पाठ नव्हे.

मी मात्र बदलले. दारातून शिरतानाच "मी आले हो!" म्हणून ओरडायचे. खोलीतून खोलीत जाताना बोलायचे, भाजी चिरताना बोलायचे, नवऱ्याशी, बाबांशी, मशीनशी. कोणाला चुकूनही शंका येऊ नये, मी कुठे आहे आणि कुठे नाही याची. नवरा म्हणाला, "लग्नाआधी एवढी बोलली असतीस तर..." आणि समजूतदार असल्यामुळे वाक्य तिथेच सोडलं. बाबांनी चहात साखर कमी केली. वहीत नवं माप आलं नाही. नव्या चित्रांत पडद्यापाशी फक्त पडदा होता. पंधरा दिवस, तीन आठवडे. मी मोजायचं सोडलं.

काल दुपारची पाळी होती, पण दुकानातली वीज गेली आणि मालकांनी तीनलाच सोडलं. जिना चढत होते. वरून हसण्याचा आवाज आला. बाबा हसत होते, ठसका लागेपर्यंत, आणि आई, "अगं बाई, पुरे, पोटात दुखायला लागलं." कोणीतरी आलं असावं असं वाटून मी दारापाशी थांबले.

"आणि राजा टेकलाय तो टेकलाय," आत कोणीतरी सांगत होतं, "आणि झाड निघालं!"

माझी गोष्ट होती. आवाजही माझा होता. फक्त मी सांगते त्यापेक्षा ती जास्त रंगवून सांगत होती. कुठे थांबायचं, कुठे दम घ्यायचा, सगळं बरोबर. मी कधी घातला नव्हता असा एक तपशील त्यात होता, आणि तो खरा होता.

मी बेल वाजवली. काय सुचून वाजवली, ठाऊक नाही. चावी हातातच होती.

"बघ गं कोण आहे," आई म्हणाल्या.

"बघते हं," आणि चपला दाराकडे आल्या, फटक फटक, घरच्या माणसाच्या चालीने.

साखळी न काढता दार चार बोटं उघडलं. आत खिडकीचा उजेड होता, त्यामुळे तिचा चेहरा त्याच्या विरुद्ध आला आणि मला नीट दिसला नाही. कपाळाचा तुकडा दिसला. साखळीवरचा हात दिसला, कुठेही जास्त लांब नसलेला. तिने मला वरून खाली पाहिलं, अगदी आपुलकीने.

"कोण हवंय आपल्याला?"

मी तोंड उघडलं. झाड आठवलं, ड्रायव्हर आठवला, बस आठवली, कुंडी आठवली. ते सगळं आत आधीच सांगून झालं होतं. नवीन काही मला सापडेना.

"कोण आहे गं?" आईंनी आतून विचारलं.

"काय की, आई," ती मागे वळून म्हणाली. "बोलतच नाहीये काही."